‘मला कमी का?’ या प्रश्नाचे उत्तर

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी काही वर्षे आस्थापना विभाग सांभाळत होतो. दर मार्चमध्ये पगारवाढीचा तक्ता तयार करायचा, साहेबांची सही घ्यायची आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या हाती वाढीचे पत्र द्यायचे, असा क्रम ठरलेला होता. अशाच एका एप्रिलमध्ये पहिली पाळी सुटल्यावर तपासणी विभागातील एक ताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. एप्रनच्या खिशात व्हर्निअर तसाच होता आणि बोटांना तपासणीच्या निळ्या शाईचे डाग होते. त्यांनी दोन पगारपत्रके माझ्यापुढे ठेवली. एक त्यांचे होते आणि दुसरे त्याच विभागात, त्याच बाकावर, तोच सुटा भाग त्याच मापाने तपासणाऱ्या त्यांच्या सहकाऱ्याचे होते. दोघांनी एकाच पतसंस्थेत कर्जासाठी अर्ज केला होता आणि कागद जोडताना त्यांना एकमेकांचे पगार कळले होते. तिचा पगार १८ हजार होता, त्याचा २२ हजार.

“सर, वाढवून नका देऊ,” त्या म्हणाल्या, “पण मले कमी काहून हाये, तेवढं सांगा.”

मला ते सांगता आले नाही. त्या गेल्यावर मी दोघांच्या फाइली काढल्या. दोघांचे शिक्षण आयटीआयचे, दोघे एकाच वर्षी रुजू झालेले आणि दोघांचे वार्षिक शेरे जवळजवळ सारखे होते. फरकाचे मूळ पहिल्या दिवसाच्या एका कागदावर सापडले. आमच्याकडे नव्या माणसाचा पगार ठरवताना त्याचा आधीचा पगार विचारायचा आणि त्यावर २० टक्के वाढवून द्यायचे, अशी पद्धत होती. तो बुटीबोरीच्या एका मोठ्या कारखान्यातून आला होता. ती एका लहान वर्कशॉपमधून आली होती आणि त्याआधी मूल लहान असल्यामुळे दोन वर्षे घरी होती. तिला कमी द्यायचे असे कोणीही ठरवले नव्हते. तरीही तो अन्याय दर महिन्याच्या सात तारखेला, न चुकता, तिच्या बँक खात्यात जमा होत होता, आणि त्या तक्त्यावर अक्षर माझे होते.

पगारातील न्याय म्हणजे काय, हा विचार मी त्या दिवसापासून गंभीरपणे करू लागलो. पहिली गोष्ट ही की न्याय्य पगार म्हणजे सर्वांना सारखा पगार नव्हे. रात्रपाळी करणाऱ्याला जास्त मिळावे, भट्टीजवळ उभे राहणाऱ्याला जास्त मिळावे, ज्याच्या सहीने लाखोंचा माल बाहेर पडतो त्याला जास्त मिळावे, हे कामगारांनाही मान्य असते. मी आजवर असा एकही फिटर पाहिलेला नाही, जो टूल-रूमच्या अनुभवी कारागिराला आपल्यापेक्षा जास्त मिळते म्हणून रागावला असेल. माणसाला खुपतो तो ज्याचे कारण सापडत नाही असा फरक. म्हणून मी एक साधी कसोटी वापरतो: हा फरक ज्याला कमी मिळते त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून, एका वाक्यात सांगता येतो का? आणि तेच वाक्य कारखान्यातील इतर प्रत्येकाला लागू करता येते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर फरक टिकतो. “तुझा जुना पगार कमी होता” हे वाक्य या कसोटीवर पहिल्याच पायरीला घसरते, कारण त्यात तिच्या कामाविषयी एक अक्षरही नाही.

संशोधकांनी या प्रश्नाचे दोन भाग केले आहेत. कोणाला किती मिळाले, हा वाटपाचा न्याय. आणि ते कोणत्या रीतीने ठरले, कसे सांगितले गेले, हा पद्धतीचा न्याय. दुसरा भाग वरवरचा वाटतो, पण तो किती खोलवर जातो हे अमेरिकेतील जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळते. एका कंपनीला काही कंत्राटे गमावल्यामुळे दोन कारखान्यांतील पगार दहा आठवड्यांसाठी १५ टक्क्यांनी कमी करावे लागले. एका कारखान्यात कंपनीच्या प्रमुखांनी स्वतः सर्वांना बसवून घेतले, आकडे आणि आलेख दाखवले, कोणालाही कामावरून कमी करावे लागू नये म्हणून ही कपात आहे हे समजावले, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांची उत्तरे दिली; ती सभा दीड तासाच्या आसपास चालली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय जाहीर करून सभा संपवली. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती. तो तुलनेसाठी होता. कपातीच्या काळात पहिल्या दोन्ही कारखान्यांत चोरीचे प्रमाण वाढले, परंतु जिथे कारण नीट सांगितले गेले नव्हते तिथे ते कितीतरी अधिक वाढले, आणि पगार पूर्ववत झाल्यावर पुन्हा खाली आले. दोन्हीकडे कापलेली टक्केवारी एकच होती; वेगळी होती ती लोकांना दिलेली वागणूक. चोरी वाईटच, परंतु त्या माणसांनी आपल्या हिशेबाने काहीतरी परत वसूल केले, असे त्या आकड्यांतून वाचता येते. आपल्याकडे हीच वसुली वेगळ्या मार्गाने होते. माणूस ओव्हरटाइमला नाही म्हणू लागतो, मशीनचा आवाज बदललेला ऐकूनही सांगत नाही, आणि एक दिवस राजीनामा ठेवतो.

आता ‘समान काम’ म्हणजे काय, हे पाहू, कारण सगळा वाद तिथेच अडतो. आपल्या राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात, राज्याच्या धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत, स्त्री आणि पुरुष दोघांना समान कामासाठी समान वेतन असावे असे म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा समान मोबदल्याविषयीचा १९५१चा करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला. १९७६ मध्ये समान वेतनाचा स्वतंत्र कायदा झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाल्यावर तो तिच्यात सामावला गेला. संहितेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. एकाच मालकाकडे सारख्या परिस्थितीत केल्या जाणाऱ्या दोन कामांना लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, आणि जो काही फरक असेल त्याला व्यवहारात महत्त्व नसेल, तर ती कामे ‘समान किंवा समान स्वरूपाची’ धरायची. पदाचे नाव काय आहे, याचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही. शिवाय स्त्री-पुरुष वेतनाची तुलना करताना घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि जादा कामाचा मोबदलाही हिशेबात धरायचा असतो. मूळ पगार सारखा ठेवून भत्त्यांच्या आडून फरक करण्याची वाट त्यामुळे बंद होते.

पदाच्या नावामागे लपण्याचा प्रयत्न किती जुना आहे, हे मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीविरुद्ध ऑड्रे डिकोस्टा या स्टेनोग्राफरने लढलेल्या खटल्यातून दिसते. मुंबईतील या कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या स्त्रियांना ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे वेगळे नाव होते आणि पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचे म्हणणे होते की हे दर कामगार संघटनेशी झालेल्या करारातूनच ठरले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ते फेटाळले. लघुलेखन आणि टंकलेखन करणारी स्त्री असो की पुरुष, काम एकच. युनियनने सही केली म्हणून भेदभाव कायदेशीर ठरत नाही. आणि आमची आर्थिक स्थिती बरी नाही, ही सबबही चालत नाही. हा शेवटचा मुद्दा लघुउद्योग चालवणाऱ्या आपल्याकडील अनेकांना ठाऊक नसतो. धंदा मंदीत असेल तर वाढ सगळ्यांची थांबवता येईल, केवळ बायांची थांबवता येणार नाही.

परंतु खरा अवघड प्रश्न याच्या पुढचा आहे. कामे वेगळी असतील तर त्यांची किंमत कोणी आणि कशी ठरवायची? नागपूरच्या सीमेबाहेर पडून काटोल किंवा उमरेडच्या रस्त्याला लागले की हा प्रश्न शेतातच उभा दिसतो. कापसाची वेचणी आणि निंदण ही बायांची कामे. फवारणी, नांगरणी आणि पोती उचलणे ही गड्यांची. गड्याची रोजी जास्त असते आणि त्याचे कारण ‘जड काम’ असे सांगितले जाते. वेचणी किलोवर मोजली जाते. बाई दिवसभर वाकून, बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून घेत, पालापाचोळा न येऊ देता स्वच्छ कापूस वेचते, कारण कचरा आला तर जिनिंगवाला भाव पाडतो. म्हणजे मालाची प्रत तिच्या बोटांवर अवलंबून आहे. तरीही ताकदीला आपण कौशल्याचा दर्जा देतो, आणि बोटांच्या चलाखीला, नजरेच्या अचूकतेला, तासन् तास टिकणाऱ्या लक्षाला ‘बायांना ते जमतेच’ म्हणून सोडून देतो. जमते म्हणजे फुकट आले, असे आपण धरून चालतो. माझ्या मते पगारातील बहुतेक अन्यायाचे बी इथे आहे. तो मुद्दाम केलेला नसतो; कोणत्या कामाला ‘काम’ म्हणायचे, या सवयीतून तो येतो.

इंग्लंडमधील डॅगनहॅम येथे फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी १९६८ मध्ये संप केला, तेव्हा भांडण नेमके हेच होते. कंपनीने सर्व कामांची श्रेणी लावताना त्यांचे शिवणकाम ‘ब’ श्रेणीत, म्हणजे कमी कौशल्याचे ठरवले होते. कामावर घेताना मात्र त्यांच्याकडून शिलाईची परीक्षा घेतली जात असे. परीक्षा घ्यावी लागते ते काम अकुशल कसे, हा त्यांचा सवाल होता. संपामुळे त्यांचा दर पुरुषांच्या ‘ब’ श्रेणीच्या ९२ टक्क्यांपर्यंत वाढला आणि त्यातून पुढे १९७०चा समान वेतन कायदा झाला, परंतु त्यांची श्रेणी बदलून ‘क’, म्हणजे अधिक कौशल्याची, व्हायला १९८४ साल उजाडले आणि त्यासाठी दुसरा संप करावा लागला. पैसे वाढवून देणे मालकाला एक वेळ सोपे जाते. आपण काम चुकीचे मोजले होते, हे मान्य करणे फार जड जाते.

कामाची किंमत ठरवण्याची एक बरी पद्धत आहे, तिला गुणांकन म्हणतात. प्रत्येक पदासाठी कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती यांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि बेरजेवरून पगाराचा पट्टा, म्हणजे किमान किती आणि कमाल किती, ते ठरवायचे. गुण पदाला द्यायचे असतात, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला नव्हे, आणि ते देताना त्या पदावर काम करणारा निदान एक माणूस खोलीत हजर हवा. आमच्याकडे ही पद्धत आणली तेव्हा ‘श्रम’ या सदरात पहिल्या मसुद्यात केवळ वजन उचलणे होते. सहा तास भिंगाखाली पाहण्यालाही श्रम म्हणतात, हे तपासणी विभागातील बायांनी बैठकीत सांगितल्यावरच तिथे दुसरी ओळ आली.

आता जुन्या पगाराकडे परत येतो, कारण नुकसान सर्वात जास्त तिथे होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. १८ हजार आणि २२ हजार, हे अंतर चार हजारांचे आहे. दोघांना दरवर्षी अगदी सारखी, ८ टक्के वाढ मिळाली असे समजा. ‘दोघांना सारखीच वाढ’ हे ऐकायला किती न्याय्य वाटते. दहा वर्षांनी तिचा पगार सुमारे ३८,८६० होतो आणि त्याचा सुमारे ४७,५००. अंतर साडेआठ हजारांच्या वर गेले. त्यावर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्ट्यांचे पैसे, जे जे पगारावर मोजले जाते ते सगळे कमी. पहिल्या दिवशी मुलाखतीत विचारलेला एक प्रश्न निवृत्तीच्या रकमेपर्यंत तिच्या मागे राहतो. टक्केवारी जुना फरक पुसत नाही, उलट रुपयांत तो वाढवत नेते. ज्यांच्या हातात तक्ते असतात त्यांनी तरी ही गोष्ट विसरू नये.

जुना पगार हा माणसाच्या लायकीचा आरसा असता तर गोष्ट वेगळी होती. प्रत्यक्षात त्यात पूर्वीचे सगळे अन्याय साठलेले असतात. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चे नोबेल पारितोषिक मिळाले ते स्त्रियांच्या श्रमबाजारातील स्थानाविषयीच्या कामासाठी. त्यांनी दाखवले की आजच्या काळात सारखे शिक्षण आणि सारखा व्यवसाय असलेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतील अंतर मोठ्या प्रमाणात पहिले मूल झाल्यानंतर पडते. आपल्याकडे दुसरेही एक कारण आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले गेले, तेव्हा दलित आडनावांच्या अर्जांना सवर्ण हिंदू आडनावांपेक्षा कमी बोलावणी आली. ज्याला बोलावणी कमी येतात, तो पहिली मिळेल ती नोकरी मिळेल त्या पगारावर घेतो. मग पुढचा मालक त्याचा जुना पगार विचारतो आणि पहिल्या दारातला भेदभाव दुसऱ्या दारात ‘नियम’ म्हणून लागू होतो. वेतन संहिता वेतनातील भेदभावाला मनाई करते ती लिंगाच्या आधारे होणाऱ्या भेदभावाला. आडनावावरून पडलेल्या फरकाला तिच्यात कलम नाही. म्हणून कायदा पाळला म्हणजे न्याय झाला, असे मला म्हणता येत नाही. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, ज्या डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले त्यांची जयंती ज्या शहरात रात्रभर जागून साजरी होते, तिथे तरी हे मनमोकळेपणे बोलले जावे अशी माझी इच्छा आहे.

घासाघीस करून पगार वाढवून घेणाऱ्यांबद्दल थोडेच लिहितो. जो दुसऱ्या कंपनीचे पत्र आणून दाखवतो त्याचा पगार वाढतो आणि जो गुपचूप काम करत राहतो त्याचा वाढत नाही, हे सर्वांनी पाहिलेले आहे. अशा वेळी मालकाने स्वतःला विचारावे की हीच रक्कम त्या विभागातील इतरांना न देण्याचे माझ्याकडे कोणते कारण आहे. कारण नसेल तर त्याने एका माणसाला थांबवले आणि चौघांना जायला शिकवले.

नागपूरपुरता विशेष प्रश्न गावाच्या फरकाचा आहे. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगक्षेत्रातील एखाद्या कंपनीत काम करणाऱ्या मुलीला तेच काम पुण्याच्या कार्यालयात करणाऱ्या मित्रापेक्षा कमी मिळते आणि तिला सांगितले जाते की नागपूर स्वस्त आहे. हे कारण खोटे नाही. घरभाड्यात फरक आहेच. पण मग तो फरक घरभाड्यापुरताच असावा. केंद्र सरकारने हा प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहावे: मूळ वेतनाचा तक्ता देशभर एकच, आणि घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार. पुणे ‘एक्स’ वर्गात आहे, नागपूर ‘वाय’ वर्गात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यापासून हे दर अनुक्रमे मूळ वेतनाच्या ३० आणि २० टक्के आहेत. फरक किती, कशासाठी आणि कोणत्या नियमाने, हे नागपुरातील अजनीच्या रेल्वे कर्मचाऱ्यालाही माहीत असते आणि पुण्यातल्याही. खासगी कंपनीने मूळ पगारच कमी ठेवला तर कामाची किंमत कमी झाली, आणि ती मुलगी उद्या नागपूर सोडून गेली तरी तो कमी पगार तिच्या सोबत जातो.

कंत्राटी कामगारांचा विषय यापेक्षाही दुखरा आहे. बुटीबोरीच्या कुठल्याही मोठ्या फाटकाशी पाळी बदलताना उभे राहा. एकाच लाइनवरून दोन रंगांच्या ओळखपत्रांची माणसे बाहेर पडतात, ‘कंपनीचा’ आणि ‘ठेक्याचा’. दोघांचा घाम सारखा, कँटीनमधल्या रांगा कधी कधी वेगळ्या, आणि पगारात दुपटीचाही फरक असू शकतो. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१च्या केंद्रीय नियमांतच तरतूद होती की ठेकेदाराचा कामगार मुख्य मालकाच्या कामगारासारखेच काम करत असेल तर त्याला वेतनही तेवढेच मिळावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात सरकारी सेवेतील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांविषयी सांगितले की, नियमित कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्याला निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे. पोट भरण्यासाठी माणूस कमी पगारावर राजी होतो, पण तो राजीखुशीने होत नाही, असा त्या निकालाचा भाव आहे. ‘तो तयार झाला ना’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

यावर लहान कारखानदार म्हणतात की हे मोठ्या शहरांतील मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत. त्यांना मी याच शहराचा इतिहास सांगतो. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झालेल्या जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. म्हणजे कायद्याची वाट न पाहता कामगाराचा विचार करण्याची रीत नागपूरला परकी नाही.

राहिला गुप्ततेचा मुद्दा. नेमणूकपत्रात बहुतेक ठिकाणी एक ओळ असते की आपला पगार कोणालाही सांगू नये. पगार उघड केला तर असंतोष माजेल, असे त्यामागचे कारण सांगतात. यात तथ्य आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना सहकाऱ्यांचे पगार कोणत्या संकेतस्थळावर पाहता येतील ते कळवण्यात आले. आपल्या विभागातील मधल्या पगारापेक्षा कमी मिळणारे त्यानंतर अधिक असमाधानी झाले आणि दुसरी नोकरी शोधण्याचा विचार करू लागले. जास्त मिळणाऱ्यांच्या समाधानात काही भर पडली नाही. यावरून काही व्यवस्थापक ‘झाकली मूठ’ हा निष्कर्ष काढतात. मी उलटा काढतो. कारणाविना केवळ आकडा कळला की माणूस दुखावतो, म्हणून आकड्याच्या आधी कारण पोहोचले पाहिजे. प्रत्येकाचा पगार भिंतीवर लावण्याची गरज नाही. प्रत्येक पदाचा पगाराचा पट्टा आणि त्या पट्ट्यात वर सरकण्यासाठी काय करावे लागते, एवढे लिहून लावले तरी पुरे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या निर्देशात हेच केले आहे: उमेदवाराला पगाराचा पट्टा आधी सांगायचा आणि त्याचा जुना पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली गेली.

कर्मचाऱ्यांनी काय करावे, असे मला बरेच जण विचारतात. आधी प्रश्न लेखी विचारावा, आणि “मला वाढ द्या” असा न विचारता “माझा पगार कोणत्या निकषांवर ठरला” असा विचारावा. पगारपत्रके, नेमणूकपत्र, कामाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. वेतन संहितेखाली दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि वेतन कमी दिल्याचा दावा असेल तर ते पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. नागपुरात कामगार आयुक्तालयाचे कार्यालय आहे. तिथे जाऊन चौकशी करण्यात कमीपणा नाही आणि त्यासाठी आधी वकील लागत नाही.

आमच्या कारखान्यात पुढे काय झाले, ते सांगतो. साहेबांकडे मी दोन्ही फाइली घेऊन गेलो. त्यांचा पहिला प्रश्न “पैसे कुठून आणू?” हा होता आणि तो रास्त होता. पगार सारखा करण्यासाठी कोणाचाही पगार कमी करता येत नाही. कायद्याने ती वाट मुद्दाम बंद केली आहे. मग मी वाढीचीच रक्कम वेगळी वाटून दाखवली. दोघांच्या ४० हजारांवर ८ टक्के म्हणजे ३,२०० रुपये त्या वर्षी तसेही जाणारच होते. त्यातले २,६०० तिला आणि ६०० त्याला दिले तर पगार २०,६०० आणि २२,६०० होतात. दुसऱ्या वर्षीच्या ३,४५६ रुपयांतून तिला २,७२८ आणि त्याला ७२८ दिले की दोघेही २३,३२८ वर येतात. कंपनीचा एक रुपयाही जास्त जात नाही. साहेबांनी तक्ता दोनदा तपासला आणि विचारले, “अन् त्याला काय सांगायचं?”

कागदावर जुळलेला हिशेब त्या प्रश्नापाशी थांबला. कारण आता कमी वाढ त्याला मिळणार होती आणि त्याची तर काहीच चूक नव्हती. महागाईच्या मानाने ६०० रुपये म्हणजे त्याचे नुकसानच होते. शेवटी साहेबांनी थोडे पैसे वेगळे काढले, दोन वर्षांऐवजी तीन वर्षे धरली आणि त्याची वाढ निदान महागाईइतकी राहील असे पाहिले. नव्या भरतीच्या अर्जातून ‘सध्याचा पगार’ हा रकाना आम्ही काढून टाकला.

त्याला बोलावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्याच्यासमोर दोन्ही नेमणूकपत्रे, गुणांकनाचा तक्ता आणि तीन वर्षांचा हिशेब ठेवला. तो बराच वेळ वाचत होता. मग त्याने दोनच गोष्टी विचारल्या: माझा पगार कुठे कापला जातो का, आणि हा नियम आमच्या दोघांनाच आहे की सगळ्या विभागांना. पगार कुठेही कापला जात नाही, हे मी दाखवले. नियम सगळ्यांना आहे, हेही दाखवले. तपासणीतल्या माणसाच्या सवयीने त्याने माझ्या बेरजा स्वतः पुन्हा करून पाहिल्या, आणि मग सही केली.